बर्फावर निघालेल्या लेकरांची बॅग : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मी आमच्या मुलांना घेऊन गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेल्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर खानदेशातून आलेल्या पत्रांत प्रवासाच्या खर्चापेक्षा आणि हॉटेलांपेक्षा सामानाविषयीच अधिक विचारणा आहे. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही उभयता, सहा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणार आहोत. सासूबाई दिवाळीपासून स्वेटर विणत आहेत, नणंदेने शाली दिल्या आहेत आणि आताच चार बॅगा भरल्या आहेत. तरीही मुले गारठतील अशी धास्ती वाटते. कपडे नेमके कोणते आणि किती घ्यावेत?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, चार बॅगांतील निम्मे सामान घरी ठेवले तरी मुले गारठणार नाहीत, मात्र अंगाजवळचे कापड चुकीचे निवडले तर आठ बॅगा नेऊनही गारठतील. बर्फावर थंडीपेक्षा ओल अधिक छळते. स्की शिकणारे मूल पहिल्या दिवशी उभे कमी आणि पडलेले जास्त असते. बर्फ मनगटातून, मानेतून, पँटच्या कमरेतून आत शिरतो, आणि पडण्या-उठण्याच्या श्रमाने आतून घाम येतो तो वेगळाच. अंगाला लागून असलेले कापड सुती असेल तर ते हा घाम पिऊन बसते, लवकर वाळत नाही, आणि मूल रांगेत दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिले की तेच ओले कापड अंगातील ऊब ओढून घेऊ लागते. ज्या मुलखात कापसाला पांढरे सोने म्हणतात तेथल्या माणसाने हे लिहिणे जिवावर येते, परंतु बनियनपासून जीन्सपर्यंत सुती असे काहीही बर्फावर मुलांच्या अंगात असू नये.

कपडे तीन थरांत घालावेत. आतला थर म्हणजे अंगाबरोबर बसणारे पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, पूर्ण बाह्यांचे वर आणि खाली. मधला थर फ्लीसच्या, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाच्या जाकिटाचा; ते वजनाला हलके असते, हवा धरून ठेवते आणि भिजले तरी पटकन वाळते. बाहेरचा थर पाणी आणि वारा अडवणारा हवा, मग तो फार जाड नसला तरी चालतो. बाजारात नुसते फुगीर दिसणारे पुष्कळ जाकीट मिळते, पण त्याच्या शिवणीतून पाणी झिरपते, म्हणून घेताना आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहावे. मुलीसाठी अंगाबरोबरचा एकसंध सूट घेण्याचा मोह होईल, कारण त्यातून बर्फ आत जात नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलीला ऐन वेळी स्वच्छतागृहात नेऊन तो सूट उतरवण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा आणि मगच ठरवावे. खांद्यावर पट्टे असलेली वेगळी पँट आणि वरून जाकीट ही जोडी मला अधिक सोयीची वाटली.

सहा दिवसांसाठी प्रत्येक मुलामागे थर्मलचे तीन जोड, फ्लीसची दोन जाकिटे, आणि बाहेरची पँट व जाकीट यांचा एकेक नग पुरतो. खोलीत आणि गाडीत घालायला रोजचे दोन जोड पुरे. सासूबाईंचे स्वेटर अवश्य न्यावेत, पण ते प्रवासात, जेवणाच्या वेळी आणि रात्री घालण्यासाठी. उघड्या विणीवर बर्फाचे कण बसून वितळतात, त्यामुळे हाताने विणलेला स्वेटर बर्फावर सर्वांत वरचा थर म्हणून घालू नये. शाली मात्र एक सोडून सगळ्या परत कराव्यात. मुलांच्या गळ्यातील मफलरसुद्धा नको. त्याची टोके लोंबतात आणि उतारावरच्या ओढणाऱ्या दोरात अडकू शकतात. त्याऐवजी डोक्यातून गळ्यात घालायची फ्लीसची नळी मिळते, ती नाकापर्यंत ओढता येते.

पायमोज्यांबाबत आपण सगळेच एक चूक करतो आणि ती प्रेमापोटी करतो. थंडी आहे म्हणून दोन जोड एकावर एक चढवतो. स्कीचा बूट मुळात घट्ट असतो. त्यात दोन पायमोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गार पडतो. शिवाय आतल्या मोज्याला पडलेल्या एका सुरकुतीने संध्याकाळपर्यंत पोटरीवर फोड येतो. गुडघ्यापर्यंत येणारा, पातळ, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एकच मोजा घालावा आणि थर्मलची पँट त्याच्या आत न खोचता वरच ठेवावी. असे तीन जोड घ्यावेत.

हातमोज्यांना मी सर्वांत अधिक जपते, कारण आमची पहिली सकाळ त्यांनीच वाया घालवली. ऑनलाइन मागवलेल्या मोज्यांच्या वेष्टनावर पाणी अडवणारे असे ठळक लिहिलेले होते. तासाभरात धाकटीने दोन्ही हात समोर धरले, ‘माय वं’ म्हणाली आणि रडायला लागली. मोजा काढून पिळला तर त्यातून पाण्याची धार लागली आणि तिची बोटे भिजवलेल्या चण्यांसारखी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. तेव्हापासून मी मोजे घरीच तपासते : ते हातात घालून पाच मिनिटे पाण्याच्या बादलीत हात धरायचा, आत ओल आली तर ते मोजे परत करायचे. लहान मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र राहतील असे मोजे द्यावेत. बोटे एकमेकांना ऊब देतात आणि मोजा चढवताना प्रत्येक बोट आपल्या घरात घालण्याची कसरत वाचते. प्रत्येकी दोन जोड हवेतच. एक ओला झाला की दुसरा घालायचा. दोन्ही मोज्यांना एक लांब नाडी बांधून ती जाकिटाच्या बाह्यांतून ओवून ठेवावी, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या खुर्चीत बसून उताराच्या वर जाताना मोजा खाली दरीत पडत नाही.

प्रश्न : स्की, बूट, हेल्मेट यांपैकी काय विकत घ्यावे आणि काय तेथे भाड्याने मिळते? मुलाकडे क्रिकेटचे आणि सायकलचे अशी दोन हेल्मेट आहेत, ती चालतील का?
– एक पालक, शहादा

उत्तर : स्की, त्यांवर पाय अडकवणारी बंधने, पोल म्हणजे हातात धरायच्या काठ्या आणि बूट विकत घेऊ नयेत. वाढत्या वयाच्या मुलाला पुढच्या वर्षी ते लहान होतील आणि शहाद्यात ते कोणाला देणार हाही प्रश्न आहे. गुलमर्गला या वस्तू भाड्याने सहज मिळतात. औलीला किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाणार असाल तरी तेच. अंगाला किंवा तोंडाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे थर्मल, पायमोजे, हातमोजे, गॉगल, गळ्यातील नळी, घरून न्याव्यात. गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्ग येथे ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने देणारे लोक गाडीभोवती जमतात. बर्फात दोन तास हिंडून फोटो काढणाऱ्यांना ते ठीक आहेत. स्कीइंगला तो ओव्हरकोट पायांत येतो आणि गमबुटात पाय घसरतो.

भाड्याने घेताना घाई करू नये. सकाळी नऊच्या गर्दीत दुकानदार जे हातात देईल ते घेऊन बाहेर पडण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जावे आणि घालायचे तेच पायमोजे बरोबर न्यावेत. बूट बांधल्यावर मूल ताठ उभे राहिले तर अंगठा पुढच्या बाजूला किंचित टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे. टाच मात्र आत उचलली जाता कामा नये. ‘थोडा मोठा असू द्या, वाढत्या अंगाचा आहे’ हा शाळेच्या बुटांचा नियम येथे लावू नये. नवशिक्या मुलाची स्की उभी धरली तर ती त्याची छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान यावी. पडताना बूट स्कीपासून सुटावा यासाठी बंधनांवर एक आकडा लावतात. तो मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरतो. म्हणून निघण्यापूर्वी मुलाचे वजन काट्यावर करून कागदावर लिहून घ्यावे. मी अंदाजाने चार किलो जास्त सांगितले होते. पडताना स्की न सुटल्याने मुलाचा गुडघा पिरगळला आणि पुढचे दोन दिवस त्याने खिडकीतून बर्फ पाहिला.

हेल्मेटांविषयी : दोन्ही घरी ठेवावीत. स्कीचे हेल्मेट कान झाकते, गॉगलचा पट्टा धरून ठेवते आणि मागे पडण्याचा आघात गृहीत धरून बनवलेले असते. भाड्याने मिळते, पण आतले अस्तर आणि हनुवटीचा पट्टा नीट तपासावा. त्याच्या आत जाड कानटोपी बसवू नये, पातळ टोपी पुरे.

प्रश्न : आम्ही भुसावळकर ४५ अंशांचे ऊन सोसणारे लोक. हिवाळ्यात, तेही उणे तापमानात, नातवंडांसाठी सनस्क्रीन आणि गॉगल घ्या असे मुलगा म्हणतो. ही शहरी हौस नव्हे काय?
– एक आजोबा, भुसावळ

उत्तर : आजोबा, आपल्या मुलाचे बरोबर आहे. भाजणारे ऊन आणि कातडी जाळणारे अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा गार असली म्हणून किरण कमी होत नाहीत. दर १,००० मीटर चढाला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. त्यात ताजा बर्फ हे किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून लागते तसे खालूनही लागते. म्हणूनच बर्फावर हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा भाजतात, ज्या शेतात दिवसभर राबूनही कधी भाजत नाहीत. एसपीएफ ५० चे मलम तेथे लावायला विसरू नये आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

डोळ्यांचे तर अधिक जपावे. उघड्या डोळ्यांनी काही तास बर्फावर काढले की बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. त्याची कळ त्या वेळी येत नाही, संध्याकाळी येते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते आणि दिवा सहन होत नाही. जत्रेतला रंगीत चष्मा येथे घातक आहे, कारण गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अडवले जात नसतील तर ते अधिकच आत शिरतात. यूव्ही ४०० असे लिहिलेला, कडेने बंद असलेला स्कीचा गॉगल घ्यावा. बर्फावर जाणार असाल तर आपल्यासाठीही घ्यावा.

प्रश्न : धाकटा बाहेरचे जेवण जेवत नाही. बरोबर काय न्यावे? घरची केळी नेली तर चालतील का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : केळी नेऊ नयेत. १३ अंशांच्या खाली केळीला थंडीचा चरका बसतो हे रावेरच्या माणसाला मी सांगावे असे नाही. गाडीच्या काचेजवळ एक रात्र ठेवलेली फणी सकाळी काळी-राखी झालेली असेल. केळीचे वेफर्स न्यावेत. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस उत्तम राहतात आणि प्रवासाचे जेवण त्यांत निघते. कळण्याच्या भाकरीचा हट्ट धरू नये. ती तव्यावरून उतरल्यावर ठेच्याबरोबर खाण्याची वस्तू आहे. तेथे वरण-भात, राजमा, पोळी बहुतेक ठिकाणी मिळते, त्यामुळे सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तूप असले तर मुलाचे जेवण होते.

उतारावर खिशात ठेवायच्या खाऊचा विचार वेगळा करावा. थंडीत चिक्की दगडासारखी होते आणि दुधाचे दात हलत असलेल्या मुलाला ती देता येत नाही. तिळाचे मऊ लाडू, खजूर, बेदाणे बरे. दर दीड तासाने काहीतरी खायला द्यावे, कारण भुकेले मूल लवकर गारठते. थर्मासमध्ये कोमट पाणी असावे. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असते.

प्रश्न : मुलीला पावसाळ्यात धाप लागते, फवारा घ्यावा लागतो. औषधांच्या पिशवीत काय असावे? उंचीचा त्रास होतो म्हणतात, तो मुलांना होतो का?
– एक पालक, चाळीसगाव

उत्तर : प्रथम मुलीच्या डॉक्टरांना भेटावे आणि नेमके कोठे, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात जाणार ते सांगावे. थंड, कोरड्या हवेने दम्याचा त्रास उसळतो. फवारा मोठ्या बॅगेत ठेवू नये. गारठलेल्या डब्यातून मात्रा नीट येत नाही, म्हणून तो आपल्या जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा आणि दुसरा फवारा खोलीत असावा. पिशवीत तापाचे औषध वजनाच्या मात्रेसह लिहून, जलसंजीवनीची पाकिटे, तंगमर्गच्या वळणांसाठी उलटीचे औषध, फोडांसाठी चिकटपट्टी आणि व्हॅसलिन घ्यावे. खोबरेल तेल आपल्याच घरी डिसेंबरात गोठते, तिकडे ते बाटलीतून निघणारही नाही. कोरड्या हवेने नाकातून रक्त येते, त्यासाठी रात्री नाकपुडीला आतून व्हॅसलिनचे बोट लावावे.

उंचीचा त्रास मुलांना मोठ्यांइतकाच होऊ शकतो आणि साधारण २,५०० मीटरच्या वर तो जाणवतो. मोठा माणूस डोके दुखते असे सांगतो. लहान मूल चिडचिड करते, जेवत नाही, खेळत नाही, ओकते. पोहोचल्याचा पहिला दिवस आरामात काढावा. केबल कारचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर अफरवतला जातो. शिकणाऱ्या मुलांचे उतार खालीच असल्याने तेथे नेण्याची गरज नाही. त्रास वाढत असेल तर औषधाने तो दाबून थांबू नये, खाली उतरावे. बोट किंवा कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नये आणि बर्फ तर मुळीच लावू नये. आत नेऊन कोमट पाण्यात धरावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

प्रश्न : रेल्वेने जावे की विमानाने, आणि सामानाची मांडणी कशी करावी?
– एक वाचक, धुळे

उत्तर : भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू गाठता येते, आणि जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने पुढचा भागही रुळांवरून होऊ शकतो. रेल्वेत वातानुकूलित तिसऱ्या वर्गात माणशी ४० किलो सामान चालते, तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो आणि हातातले ७ किलो. कसेही गेलात तरी प्रत्येक मुलाचा बर्फावरचा एक पूर्ण पोशाख, औषधे आणि गॉगल हातातल्या पिशवीत असावेत. मोठी बॅग दोन दिवस उशिरा पोहोचली म्हणून श्रीनगरात आल्या-आल्या दुप्पट भावाने थर्मल घेणारी एक बाई मला चांगली ठाऊक आहे, ती मीच. पॉवर बँक विमानात हातातल्याच सामानात न्यावी लागते. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचे प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड चालते, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. जुनी वर्तमानपत्रे मात्र जरूर न्यावीत. रात्री ओल्या बुटांत त्यांचे बोळे कोंबावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलावेत. सकाळी बूट कोरडे मिळतात.

प्रश्न : काश्मिरी लोक फेरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब सैल झग्याच्या आत कांगडी धरतात, तशी मुलांसाठी घ्यावी का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : घेऊ नये. वेताच्या टोपलीतील मातीच्या भांड्यात तो जिवंत विस्तव असतो, तो सांभाळण्याची तिकडच्या माणसांना जन्मापासून सवय असते आणि आपल्या मुलांना नसते. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो तो धोका वेगळा. खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवणारी पत्र्याची शेगडी, पेटवलेली असेल तेव्हाही खिडकीची एक फट उघडी ठेवावी. हातमोजे बुखारीवर न ठेवता तिच्यापासून दोन हात अंतरावर दोरीला टांगावेत. आमचा एक जोड वरच ठेवला होता, त्याचा अंगठा वितळून पत्र्याला चिकटला.